गोठ्यातलं कपाट आणि घरातला डबा

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना जेवढी घरं लागतात, त्यांतल्या एकाही घरात औषध नाही असं होणार नाही. उलट घरटी दोन-तीन साठे असतात. एक फ्रिजवर, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. एक आजीच्या उशाशी, मेडिकलच्याच पिशवीला गाठ मारून. तिसरा देवघराच्या फळीवर, जिथे पंचांग, कुंकवाचा करंडा, सोसायटीच्या पावत्या आणि मधुमेहाच्या गोळ्या गुण्यागोविंदाने नांदतात. मात्र रात्री दोन वाजता पोराला ताप भरला की तिन्ही साठे उपसूनही तापाची गोळी सापडत नाही. सापडते ती पोट साफ व्हायची.

याचं कारण साधं आहे. आपण घरात औषधं ठेवत नाही, आपल्याकडे ती उरतात. पाच दिवसांची दिली, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, दोन दिवसांची राहिली. पैसे मोजून आणलेली वस्तू फेकायची कशी? गेली डब्यात. अशा डब्याला आणीबाणीची तयारी म्हणणं म्हणजे कालच्या उरलेल्या भाजीला लग्नाचं जेवण म्हणण्यासारखं आहे.

हा डबा एकदा सवडीने उपसून पाहावा. घरचा इतिहास वरून खाली सापडत जातो. वरच्या थरात गेल्या आठवड्यातली सर्दी. त्याखाली नातवाचं खोकल्याचं औषध; त्याचं झाकण आता पाना लावल्याशिवाय निघत नाही. मग करोनाचा थर लागतो. एप्रिल २०२० मध्ये भिलवाड्याच्या धर्तीवर बारामती शहर बंद झालं, लागेल ते सामान घरपोच मिळायची सोय झाली आणि पेपरांनी त्याला ‘बारामती पॅटर्न’ असं नाव दिलं. बाहेरचा पॅटर्न सरकारने उठवला, घरातल्या डब्यातला अजून उठलेला नाही. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या, झिंकच्या गोळ्या, कुणीतरी कुणाच्या तरी ओळखीने मिळवलेली आयव्हरमेक्टिन, आणि सेल संपलेला ऑक्सिमीटर. देशभर हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची इतकी झुंबड उडाली होती की केंद्र सरकारने मार्च २०२० मध्येच ती गोळी चिठ्ठीशिवाय विकायची नाही असा आदेश काढला. आदेश निघाला, म्हणजे गोळीत काहीतरी दम असणार, असं समजून लोक चिठ्ठ्या मिळवायला लागले, ते वेगळं. डब्याच्या अगदी तळाशी आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे डोळ्यांत घालायचे थेंब असतात. उघडल्यापासून महिनाभरात ते टाकून द्यायचे होते. आजोबा गेले, थेंब आहेत.

या थरांमध्ये अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या हमखास निघतात. त्या ओळखायला सोप्या: पाकिटावर उभी लाल रेघ असते. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, सांगितलेला कोर्स पुरा करा, हे लोकांना कळावं म्हणून २०१६ मध्ये सरकारने या रेघेची मोहीमच काढली. आपल्याकडे त्या रेघेचा अर्थ ‘कडक गोळी, जपून ठेवा’ असा घेतला गेला. खरं तर उरलेली अँटिबायोटिक म्हणजे कुणीतरी कोर्स अर्धवट सोडल्याचा लेखी पुरावा. आपण तो पुरावा जपतो आणि पुढच्या घसादुखीला पाहुण्यांना देतो.

आता एक्सपायरीची गंमत. मेडिकलमध्ये आपण पूर्ण पाकीट क्वचित घेतो. “भाऊ, चारच द्या.” भाऊ कात्री चालवतात. तारीख पाकिटाच्या एका कोपऱ्यात छापलेली असते आणि जगातल्या सगळ्या कात्र्या त्याच कोपऱ्याला आधी भिडतात. तो कोपरा कुणा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जातो. त्याच्याकडे तारीख असते पण नाव नसतं, आपल्याकडे अर्धं नाव असतं, तारीख नाही. ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. मोबाइल धरला की औषधाची कुंडली निघते. तो कोडसुद्धा कात्रीच्या पलीकडे राहिला, तर धरायचा कशावर? मग घराघरांत शोध लावायची पद्धत सुरू होते. “ही पांढरी, चपटी, मधे रेघ असलेली कशावरची?” सासूबाई गोळी उजेडात धरतात. “आम्लपित्ताची असंल.” सासरे ती परत घेतात, वास घेतात. “छ्या, माझी गुडघ्याची हाय ही.” शेवटी त्या गोळीवर एकमत होत नाही म्हणून ती पुन्हा डब्यात जाते. टाकायची मात्र नाही.

मेडिकलच्या काउंटरवरही असेच संवाद चालतात.

“मागच्या वेळची ती पिवळी गोळी द्या.”

“कशावर पाहिजे?”

“अंग मोडून आलंय.”

“तुम्हालाच दिली होती का?”

“नाय, मेव्हण्याला. त्याला लय गुण आला.”

मेव्हण्याला आलेला गुण हा आपल्याकडे डॉक्टरी चिठ्ठीच्या एक पायरी वर मानला जातो.

सगळ्यांत जास्त गोंधळ तापाच्या गोळीचा. पॅरासिटॅमॉल हे बिचारं अत्यंत सज्जन औषध आहे. मापात घेतलं तर घरात असावं असं पहिलं औषध तेच. अडचण एवढीच की ते वेगवेगळ्या नावांनी फिरतं. घरात एकाला ताप आला की सून क्रोसिन देते. तासाभराने पुण्याहून लेकाचा फोन येतो, “डोलो दिली का नाही?” म्हणून डोलो दिली जाते. संध्याकाळी सासूबाई आपल्या गाठीतून सर्दीची गोळी काढतात, “ही साधी आहे, हिने काही होत नाही.” तिघांनीही पॅरासिटॅमॉलच दिलेलं असतं. मोठ्या माणसाला २४ तासांत ४,००० मिलिग्रॅमच्या वर ते जाऊ नये. ६५० च्या सहा गोळ्यांतच ३,९०० होतात. यकृताला मायेची भाषा कळत नाही, ते मिलिग्रॅम मोजतं. आणि पावसाळ्यात, डेंगीच्या दिवसांत, ‘जरा पावरची’ म्हणून आयब्युप्रोफेनसारखी दुखीची गोळी देणं तर नकोच; तिने रक्तस्रावाची भीती वाढते.

हे सगळं वाचून या भागातल्या माणसांना औषधांची शिस्तच नाही असं वाटेल. तसं मुळीच नाही. शिस्त आहे, फक्त ती घराच्या मागच्या बाजूला आहे.

गोठ्यात जा. भिंतीला पत्र्याचं कपाट आहे, त्याला कडी आहे, कडीला कुलूप आहे. आत कॅल्शियमच्या बाटल्या उभ्या, कासदाहाच्या ट्यूबा आडव्या, जंताचं औषध वेगळं, पोटफुगीचं वेगळं, गोचिडांचं सगळ्यांत खालच्या कप्प्यात. जखमेवरचा फवारा आहे, कापूस आहे, हातमोजे आहेत. थर्मामीटर आहे! घरातला थर्मामीटर फुटला तो फुटलाच, पण गाईचा शाबूत आहे, आणि धुऊन ठेवलेला आहे. शेजारी खिळ्याला वही टांगलेली. लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी. मागची कधी झाली, पुढची कधी, सगळं निळ्या शाईत. कुठली गाय कधी भरवली, कधी आटवायची, कुठलीला कोणतं इंजेक्शन सोसत नाही. २०२२ मध्ये लंपीची साथ आली तेव्हापासून नवं जनावर आणलं की आधी वेगळं बांधायचं, हेही त्याच वहीत. डॉक्टरांचा नंबर दारावर खडूने इतका मोठा लिहिलेला की वीज गेली तरी बोटाने चाचपून वाचावा.

मालकाला विचारा, “गाईचं टेंपरेचर किती असतं हो?”

“एकशे एक, दीडपर्यंत चालतं. पुढं गेलं की फोन लावायचा.”

“आणि वहिनींचं बीपी?”

“हाय की थोडं.”

याला कुणी प्रेमाची कमतरता म्हणेल, पण तसं नाही. गाय आजारी पडली की दुसऱ्या दिवशी डेअरीच्या काट्यावर कळतं आणि दहा दिवसांनी दुधाच्या पगारात दिसतं. वहिनी आजारी पडल्या तर कुठल्याच काट्यावर दिसत नाही. त्या बाम चोळून धारा काढायला बसतात. एवढं मात्र नक्की की ज्या घराला ते कपाट लावता येतं, त्या घराला औषधांचा डबा लावायला शिकवावं लागत नाही. फक्त गोठ्यातली अक्कल ओसरी ओलांडून आत आणायची. (वस्तू आणायच्या नाहीत. “जनावराला चालतं ते माणसाला चालायला काय झालं” म्हणून गाईचं मलम स्वतःच्या गुडघ्याला लावणारे महाभाग आहेत. त्यांनी तो प्रयोग थांबवावा. आणि फवारणीच्या औषधाची बाटली तर घरातल्या औषधांच्या आसपासही नको. अंधारात हाताला दोन्ही बाटल्या सारख्याच लागतात.)

कायद्यानेही या विषयाचा आपल्या परीने विचार केलेला आहे. औषध नियम १९४५ चे. त्यांच्या अनुसूची ‘के’मध्ये घरगुती औषधांची एक यादी आहे: पॅरासिटॅमॉल, अ‍ॅस्पिरिन, दुखण्यावरचे बाम, आम्लपित्ताची औषधं, ग्राइप वॉटर, खोकल्याच्या गोळ्या, भाजल्यावरचं मलम, एरंडेल, निलगिरीचं तेल, टिंक्चर आयोडीन, कापूस, बँडेज. ही औषधं परवान्याशिवाय विकता येतात, पण गावाची लोकसंख्या १,००० च्या वर नको आणि माल मूळ वेष्टनात, न फोडलेला हवा. म्हणजे गावात हजाराव्या माणसाचं डोकं दुखलं तर किराणा दुकानात गोळी कायदेशीर. त्या रात्री कुणाकडे बारसं ठरलं की सगळ्या गावाने मेडिकलची वाट धरायची. आपल्याकडची बरीचशी गावं हजाराचा आकडा कधीच ओलांडून गेली, पण वाडी-वस्तीवरच्या दुकानात शांपूच्या पुड्यांच्या माळेशेजारी डोकेदुखीच्या गोळ्या लटकतातच, आणि रात्री मेडिकल बंद झाल्यावर वस्तीची सगळी आरोग्यव्यवस्था त्या माळेवर चालते. हंगामात तर फार. कारखाने पेटले की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आणि कोप्यांवर अंगदुखीची गोळी चहाबरोबर घेतली जाते, कारण एक दिवस अंग टाकलं तर खाडा पडतो आणि उचलीतून पैसे कापले जातात. तिथे मला विनोद सुचत नाही.

आता आणीबाणी म्हणजे नेमकं काय, हे या दोन तालुक्यांना कुणी परगावच्याने सांगायची गरज नाही. वर्षानुवर्षं इथली आणीबाणी म्हणजे दुष्काळ. बारामतीचा जिरायत पट्टा टँकरची वाट पाहण्यात पटाईत. पण मे २०२५ च्या अखेरीस, ज्या महिन्यात माठातलं पाणीही जपून वापरायचं, त्या महिन्यात असा पाऊस कोसळला की पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला, घरांत पाणी घुसलं आणि बारामती-इंदापुरात एनडीआरएफची पथकं आली. अशा वेळी घरातून काय उचलायचं याचा क्रम ठरलेला असतो. आधी पोरं, मग सोनं, मग सातबारा आणि बँकेची पुस्तकं, मग शेळी, मग टीव्ही. औषधांचा डबा यादीतच नसतो. शाळेत किंवा देवळात जाऊन टेकल्यावर आत्याबाई विचारतात, “माझी बीपीची गोळी कुणी घेतली का रं?” आणि सगळे एकमेकांकडे पाहतात. टीव्ही मात्र आलेला असतो. तो लावायला वीज नसते.

डब्याची खरी परीक्षा दर आषाढात होते. तुकोबांची पालखी उंडवडी, बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला नीरेकाठी जाते. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीत गोल रिंगण. सरकारी दवाखाने रस्त्यावर येतात. २०२३ पासून आरोग्य खात्याने त्याला ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ असं नावही दिलंय. पण त्या आधीपासून आणि त्याच्या बरोबरीने, रस्त्यालगतचं प्रत्येक घर एका दिवसापुरतं दवाखाना होतं. फ्रिजवरचा डबा ओट्यावर येतो. घरची मंडळी मोठ्या उत्साहाने विचारतात, “माउली, काय देऊ?” माउली मागते बाम. डब्यात बामची बाटली सहा महिन्यांपूर्वी संपलेली, झाकण मात्र वास येतो म्हणून ठेवलेलं. माउली मागते पायाला बांधायला पट्टी. पट्टी पोराने गॅदरिंगला ममी व्हायला वापरली. माउली मागते जुलाबावर काहीतरी. डब्यातून निघतं पोट साफ व्हायचंच. व्हिटॅमिन सी पाहिजे का, असं विचारलं तर माउली हसते आणि रामकृष्णहरी म्हणते.

मग मराठवाड्याकडची एखादी म्हातारी तिथेच बसून आपली चंची सोडते. आत बामची डबी, ओव्याची पुडी, धुतलेल्या सुती कापडाची घडी, मीठ-साखरेच्या पावडरीच्या दोन पुड्या, आणि बीपीच्या गोळ्या: पंढरपूरला पोचून परत घरी जाईपर्यंतचे दिवस मोजून घेतलेल्या, वर दोन-चार जास्त, “येष्टी चुकली तर” म्हणून. बस. ती बया तेवढ्यावर शेकडो मैल चालून जाते. आणि यजमानांच्या डब्यात साठ-सत्तर गोळ्या असून तिला द्यायला एकही नाही.

मीठ-साखरेच्या त्या पुड्यांबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे, कारण अख्ख्या डब्यात त्यांच्याइतकी गुणी चीज दुसरी नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले, बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायच्या सोड्याचं पाणी पिंपांत भरलं आणि नातेवाइकांनाच पाजायला लावलं. शंभरातले वीस-तीस दगावत होते, ते तीन-चारांवर आले. २०२२ मध्ये ते गेले. पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये, मागाहून मिळालं. आणि आपल्याकडे अजून जुलाब झाले की पहिला प्रश्न काय? “सलाइन लावूया का?” बाटली टांगलेली दिसल्याशिवाय नातेवाइकांचं समाधान होत नाही.

पुडी आणली तरी तिचं सरबत करतात. ग्लासभर पाण्यात चमचाभर, चवीपुरतं, वर लिंबू. ती २०.५ ग्रॅमची पूर्ण पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायची असते. पुडी तीच आणि पाणी कमी केलं तर जुलाब वाढतात, पाणी जास्त केलं तर उपयोग कमी. केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. हे ‘ओतून द्यायचं’ आपल्याला जड जातं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आमटीचा नव्हे. दुकानातली गोड, रंगीत, ‘ओआरएस’ नावाची खोकी मात्र वेगळी. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्यांच्याविरुद्ध वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांना ते नाव लावायला बंदी केली. पुडीवर ते सूत्र लिहिलेलं असतं. वाचायचं.

तेव्हा या आषाढाच्या आधी एक रविवार काढा आणि डबा खरोखरीच उपसा. नाव नसलेली, तारीख गेलेली, मेव्हण्याची, आजोबांची, सगळी बाहेर. पाकिटातून काढा, चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवी बांधून कचऱ्यात टाका. कालव्यात नको, उकिरड्यावर उघडी नको, कोंबड्या टिपतात. मग नव्याने भरा. तापाची पॅरासिटॅमॉल, पूर्ण पाकीट, कात्री न लावलेलं. मुलांचं औषध वेगळं, त्याच्या मापाच्या टोपणासकट, कारण मुलांचा डोस वजनावर ठरतो, अंदाजावर नाही. ओआरएसच्या चार पुड्या. पित्ताचं काहीतरी. अ‍ॅलर्जीची गोळी, आपल्या डॉक्टरांना विचारून. पोव्हिडोन आयोडीनचं मलम, कापूस, जाळीची पट्टी, चिकटपट्टी, मुरगळल्यावर बांधायचं क्रेप बँडेज, थर्मामीटर, बॅटरी. आणि ज्यांना बीपी, साखर, दमा आहे त्यांची आठवड्याची औषधं वेगळ्या पिशवीत. पाणी आलं तर टीव्हीच्या आधी ही पिशवी उचलायची. भाजल्यावरची टूथपेस्ट या डब्यात नाही, कारण भाजल्यावर २० मिनिटं वाहतं गार पाणी हेच औषध. सगळं मिळून खर्च एका जेवणावळीतल्या एका पंगतीच्या आइस्क्रीमइतकाही नाही.

डबा फ्रिजवर ठेवू नका. तिथे बारामतीचा वैशाख आणि फ्रिजची वाफ दोन्ही मिळतात, आणि पाकिटावर ‘थंड, कोरड्या जागी’ असं छापलेलं असतं. पोरांचा हात पोचणार नाही अशा कोरड्या कपाटात ठेवा. वही गोठ्यातल्यासारखीच, खिळ्याला.

झाकणावर ठळक अक्षरात १०८ लिहा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि फोनला पैसे पडत नाहीत. छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, श्वास लागला, किंवा उसाच्या फडात साप चावला, तर डबा उघडायचाच नाही, मांत्रिकाकडेही जायचं नाही, फोन करायचा. सर्पदंशावरची लस घरात ठेवता येत नाही. ती सरकारी रुग्णालयात मिळते, आणि फुकट मिळते.